पेटीचा क्रमांक आणि बाळंतिणीचे कार्ड

जासईच्या फाट्यावर पाच मिनिटे उभे राहिले तरी डझनभर ट्रेलर मोजून होतात. पनवेल-उरण रस्त्यावरचे हे गाव न्हावा-शेव्याच्या बंदराच्या उंबऱ्यावर आहे. दि. बा. पाटील याच गावचे. जमिनीच्या मोबदल्यासाठी त्यांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत झालेले आंदोलन, १६ आणि १७ तारखेचा गोळीबार आणि त्यातले पाच हुतात्मे हे उरण-पनवेलच्या शाळेत वेगळे शिकवावे लागत नाही. बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. आमच्याकडच्या मुलांना गाडीवरच्या लोखंडी पेट्यांचे रंग पाहून कंपनी ओळखता येते. मी मात्र त्यांना पेटीवरचा क्रमांक वाचायला लावतो.

प्रत्येक पेटीवर चार इंग्रजी अक्षरे, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एक सुटा आकडा असतो. हा शेवटचा आकडा पहारेकरी असतो. समजा क्रमांक आहे सी-एस-क्यू-यू ३०५४३८ आणि चौकटीत ३. अक्षरांना किमती दिलेल्या आहेत : ए म्हणजे १०, बी म्हणजे १२, आणि पुढे क्रमाने, ११ ने भाग जाणारे आकडे तेवढे गाळायचे. त्या हिशेबाने सी १३, एस ३०, क्यू २८, यू ३२. आता पहिल्या जागेला १ ने गुणा, दुसरीला २ ने, तिसरीला ४ ने, असे दुप्पट करत दहाव्या जागेला ५१२ ने. बेरीज येते ६१८५. तिला ११ ने भागा. बाकी उरते ३. कारकुनाने घाईत शेवटून दुसरा आणि तिसरा आकडा उलटसुलट केला आणि ३०५३४८ लिहिले, तर बेरीज ६३१३ होते, बाकी १० उरते आणि १० ची बाकी ० अशी लिहितात. चौकटीत तर ३ आहे. चूक तिथेच पकडली जाते, मग पेटी रॉटरडॅमची असो की शांघायची. हे सगळे देशांनी एकत्र बसून ठरवलेले प्रमाणक आहे, आणि ते पाळले जाते.

हे सांगण्याचे कारण वेगळे आहे. माझी एक जुनी विद्यार्थिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सासर दुसऱ्या तालुक्यात. तिथल्या आशाताईंनी नोंद केली होती, कार्ड दिले होते, रक्तगट तपासला होता : ओ, आरएच निगेटिव्ह. आपल्याकडे शंभरात साधारण पाच जणांचा रक्तगट निगेटिव्ह असतो. अशा आईच्या पोटी पॉझिटिव्ह बाळ जन्मले, तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डी नावाचे इंजेक्शन द्यावे लागते. नाही दिले तर तिच्या रक्तात बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होऊ शकतात. पहिल्या बाळाला बहुधा काही होत नाही. फटका पुढच्या बाळाला बसतो.

कार्ड सासरीच राहिले. माहेरच्या एका खासगी रुग्णालयात (नाव सांगण्यात हशील नाही, असे कुठेही घडू शकते) संगणकावर तिचे नाव घातले, तर त्याच नावा-आडनावाची एक नोंद आधीच होती. ती दुसऱ्याच बाईची निघाली, पण हे नंतर कळले. त्या नोंदीत रक्तगट पॉझिटिव्ह होता. बाळाला बघायला सासूबाई आल्या त्या कार्ड घेऊन, तेव्हा अठ्ठेचाळीस तास उलटून गेले होते. मुलीने कार्ड उघडले आणि मला फोन केला, "सर, दोन ठिकाणी दोन रक्तगट कसे?" मी म्हणालो, "आधी डॉक्टरांना दाखव, मग मला विचार." रक्त पुन्हा तपासले, इंजेक्शन वेळेत मिळाले.

तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. पेटीसाठी जगाने केले ते माणसाच्या आरोग्य-नोंदीसाठी कोणी करायचे, आणि त्यांनी काय केले? जे वाचायला मिळाले त्यावरून बनलेले मत पुढे मांडतो आहे.

आरोग्याच्या माहितीची नोंद, साठवण, देवाणघेवाण आणि वापर यांचे शास्त्र म्हणजे आरोग्य-माहितीशास्त्र. अनेक देशांत त्याच्या राष्ट्रीय संघटना आहेत. भारतात 'इंडियन असोसिएशन फॉर मेडिकल इन्फर्मेटिक्स' १९९३ मध्ये स्थापन झाली. या राष्ट्रीय संघटनांची जागतिक संघटना म्हणजे 'इमिया'. तिचा जन्म १९६७ चा. संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची चौथी तांत्रिक समिती म्हणून ती सुरू झाली. फ्रान्सचे फ्रान्स्वा ग्रेमी तिचे पहिले प्रमुख. १९७९ मध्ये समितीची संघटना झाली, १९८९ मध्ये स्वित्झर्लंडच्या कायद्याखाली तिला स्वतंत्र अस्तित्व मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेशी तिचे अधिकृत संबंध आहेत. 'मेडइन्फो' ही तिची परिषद १९७४ मध्ये स्टॉकहोमला प्रथम भरली. आधी दर तीन वर्षांनी, २०१३ नंतर दर दोन वर्षांनी भरते.

साठच्या दशकात संगणक खोलीभर मोठा होता आणि रुग्णालयात तो ठेवावा की नाही यावरच वाद होता. त्या काळात फ्रेंच, स्वीडिश, जपानी, अमेरिकन माणसे एका टेबलाशी बसली, एकमेकांच्या फसलेल्या प्रयोगांची कागदपत्रे वाचू लागली, हे थोडेथोडके नाही. १९९२ पासून संघटना वार्षिक ग्रंथ काढते. २००० मध्ये तिने या विषयाच्या शिक्षणाबद्दल शिफारशी केल्या, २०१० मध्ये त्या सुधारल्या. २००२ मध्ये नीतिसंहिता केली. इतके सातत्य आपल्याकडच्या किती संस्थांना जमते?

माझी पहिली तक्रार सहकार्याच्या एककाबद्दल आहे. विज्ञान शिकवणारा माणूस आधी एकक विचारतो. इथे एकक आहे देश. देशागणिक एक संघटना, तिचा एक प्रतिनिधी. युरोपात हे शोभते. डेन्मार्कचा माणूस सुट्टीला स्पेनमध्ये गेला आणि आजारी पडला, तर त्याची औषधे, ॲलर्जी, जुने आजार तिथल्या डॉक्टरला कळावेत, हा तिथला खरा प्रश्न आहे. त्यासाठी २००८ ते २०१४ या काळात युरोपीय देशांनी मोठा प्रकल्प चालवला, आणि त्या वाटेने पुढे 'आंतरराष्ट्रीय रुग्ण-सारांश' तयार झाला; २०२१ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय प्रमाणकाचा क्रमांक मिळाला. आमच्या मुलीने देशाची सीमा ओलांडली नव्हती, जिल्ह्याचीही नाही. ती माहेरी आली होती. पहिले बाळंतपण माहेरी ही आपल्याकडची रीत लाखो बायकांना गरोदरपणाच्या नेमक्या सातव्या-आठव्या महिन्यात एका नोंदवहीतून उचलून दुसरीत टाकते.

त्या सारांशाचा आराखडा मी मुद्दाम पाहिला. औषधे, ॲलर्जी आणि चालू आजार हे तीन विभाग सक्तीचे आहेत. लसी, तपासण्यांचे निकाल, शस्त्रक्रिया हे असावेत अशी शिफारस आहे. गरोदरपणाचा इतिहास ऐच्छिक आहे. यात दुष्टपणा नाही, हेही सांगितले पाहिजे. सारांश सगळ्यांसाठी आहे, त्यात पुरुष आणि आजोबाही आले. सर्वांना तो विभाग सक्तीचा कसा करणार? पण आराखडा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोण प्रवासी होता, ते यावरून समजते. तो विमानातून उतरलेला, गोळ्यांची डबी विसरलेला मध्यमवयीन माणूस आहे. एसटीतून उतरणारी आठव्या महिन्याची बाई नाही. (हे प्रमाणक 'इमिया'ने केलेले नाही. ते एचएल-सेव्हन ही १९८७ ची संस्था, युरोपची प्रमाणक-समिती आणि १९९८ मध्ये नेमलेली आयएसओची २१५ क्रमांकाची समिती यांच्या हातचे आहे. पण या सगळ्या वर्तुळांत फिरणारी माणसे पुष्कळदा तीच असतात.)

परिषदा कुठे भरल्या तेही पाहावे. १९७४ ते २०२५ या काळात आफ्रिकेत एकदा, २०१० मध्ये केपटाउनला; दक्षिण अमेरिकेत एकदा, २०१५ मध्ये साओ पाउलोला. दक्षिण आशियात एकदाही नाही. जगातली एवढी लोकसंख्या आणि एवढी बाळंतपणे जिथे होतात, तिथे पाहुण्यांनी एकदाही उतरू नये हे खटकते. यजमानपण घ्यायला आपण किती उत्सुक होतो, हा त्याला जोडूनच येणारा प्रश्न आहे, आणि तो आपल्या संघटनेला विचारायला हवा.

आता नावांकडे येतो. इथे विषय रंगतदार आहे आणि वर्गात करून पाहता येण्याजोगा आहे.

दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत का, हे संगणकाने ठरवायचे तर नावांची जुळणी करावी लागते. स्पेलिंग वेगवेगळे असते म्हणून उच्चार जुळवण्याची एक जुनी युक्ती आहे, 'साउंडेक्स'. रॉबर्ट रसेल या अमेरिकन गृहस्थाने १९१८ मध्ये तिचे पेटंट घेतले. जनगणनेच्या याद्यांसाठी ती वापरली गेली आणि पुढे जगभरच्या याद्यांत शिरली. नियम सोपे आहेत. इंग्रजी स्पेलिंगमधले पहिले अक्षर तसेच ठेवायचे. पुढचे स्वर आणि एच, डब्ल्यू, वाय गाळायचे. बी, एफ, पी, व्ही यांना १. सी, जी, जे, के, क्यू, एस, एक्स, झेड यांना २. डी, टी यांना ३. एल ला ४. एम, एन यांना ५. आर ला ६. एकच आकडा लागोपाठ आला तर एकदाच घ्यायचा. तीन आकडे झाले की थांबायचे, कमी पडले तर शून्ये लावायची.

आता आमच्या भागातली आडनावे घेऊ. पाटील : पी ३४०. पटेल : तेही पी ३४०. ठाकूर टी २६०, ठक्कर टी २६०. कोळी के ४००, आणि काश्मिरी कौलही के ४००. उरण-पनवेलच्या हजेरीपटात म्हात्रे तर ढिगाने. म्हात्रे : एम ३६०. दिल्लीचे माथुर : एम ३६०. यंत्राच्या लेखी जासईचे म्हात्रे आणि दिल्लीचे माथुर एकच कुटुंब झाले!

उलट बाजूही पाहा. ज्ञानेश्वर हे नाव आपण डी-एन-वाय असे सुरू करतो. त्याचे होते डी ५५२. हिंदी वळणाने जी-वाय लिहिले की जी ५२६. आणखी कोणी जे-एन लिहिले की जे ५५२. एकच माणूस, तीन दप्तरांत तीन माणसे. विद्यार्थ्यांना घरातल्या माणसांची आधार कार्ड, शिधापत्रिका आणि शाळेचा दाखला यांवरची स्पेलिंगे शेजारी शेजारी लिहायला सांगा. फार शोधावे लागणार नाही.

आता यापेक्षा हुशार रीती निघाल्या आहेत. पण त्यांचीही भिस्त तीन गोष्टींवर असते : पहिले नाव, आडनाव, जन्मतारीख. मराठी बाईचे लग्नानंतर आडनाव बदलते, मधले नाव बदलते, कित्येक घरांत पहिलेही बदलते. जन्मतारखेबद्दल शिक्षकांना मी काय सांगू? आपल्यापैकी जुन्या लोकांनी स्वतःच्या हाताने किती मुलांपुढे '१ जून' लिहिले आहे, ते आठवावे. तेव्हा ती सोय होती. ती मुले आता पन्नाशी-साठीची झाली आहेत, रुग्णालयांच्या खिडक्यांवर उभी आहेत आणि तीच तारीख सांगत आहेत.

यावर देशात उपाय झालेच नाहीत असे नाही. २००९ पासून गरोदर मातांचा नावानिशी आणि क्रमांकानिशी मागोवा घेण्याची पद्धत आली. २०१३ मध्ये केंद्र सरकारने आरोग्य-नोंदींची प्रमाणके जाहीर केली आणि २०१६ मध्ये सुधारली. २०१४ मध्ये भारत 'स्नोमेड' या वैद्यकीय संज्ञासंग्रहाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा सदस्य झाला. या प्रमाणकांचे राष्ट्रीय केंद्र पुण्यात सी-डॅकमध्ये आहे. देवनागरी संगणकावर आणण्याच्या कामात ज्या संस्थेचा मोठा वाटा, तिच्याच घरात हे केंद्र असावे ही चांगली गोष्ट आहे. म्हणूनच मूळ नाव देवनागरीत जपण्याची अपेक्षा तिच्याकडून करावीशी वाटते. २०२१ च्या सप्टेंबरपासून 'आभा' हा चौदा आकडी आरोग्य-क्रमांक देशभर दिला जातो. क्रमांक आला म्हणजे नावांचा गोंधळ मिटायला हवा. पण क्रमांक कार्डावर, कार्ड सासरी. मग खिडकीवरचा माणूस पुन्हा नावच विचारतो.

'इमिया'च्या नीतिसंहितेकडे वळतो, कारण माझ्या मते या सहकार्याचे ते सर्वांत वाचनीय फळ आहे. आधी सहा सर्वसाधारण तत्त्वे आहेत : स्वायत्तता, समता व न्याय, हित करणे, अहित टाळणे, अशक्यता, सचोटी. मग माहितीपुरती सात : खासगीपणा, पारदर्शकता, सुरक्षितता, आपली नोंद पाहण्याचा हक्क, अपवादाची वैधता, कमीत कमी ढवळाढवळ आणि उत्तरदायित्व. नंतर कर्तव्यांचे सहा गट. आपल्या नोंदीत काय आहे ते बघण्याचा आणि चूक दुरुस्त करून घेण्याचा हक्क माणसाला आहे, असे सरळ म्हटलेले आहे. भारतात व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. संहिता त्याच्या एकवीस वर्षे आधीची आहे.

अडचण दोन ठिकाणी आहे. संहिता बोलते ती 'आरोग्य-माहिती व्यावसायिका'शी. हा कोण? आमच्याकडे नोंद करतात एएनएम ताई आणि आशाताई. २००५ पासून आशांची योजना आहे. त्यांना कामागणिक मोबदला मिळतो आणि तो मिळण्यासाठी नोंद लागते. म्हणजे नोंद हे त्यांचे ज्ञान नाही, पावती आहे. पावती लिहिणाऱ्याकडून संहितेतल्या सचोटीची अपेक्षा करायची, तर त्याला वेळ, शिक्षण आणि चूक कबूल करण्याची मुभा द्यायला हवी. शिक्षणाच्या शिफारशींत डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, व्यवस्थापक आहेत, माहितीतज्ज्ञ आहेत. दारोदार जाऊन नाव विचारणारी बाई मला त्यांत सापडली नाही.

दुसरी अडचण अशक्यतेच्या तत्त्वाची. जे परिस्थितीत शक्यच नाही, त्याचे कर्तव्य लागू होत नाही, असे ते तत्त्व आहे. तर्काला धरून आहे, कोर्टातही चालेल. पण अशक्य कोणी ठरवायचे? दोन तालुक्यांच्या नोंदी जोडणे अशक्य आहे असे अधिकारी म्हणाला की संहिता गप्प बसणार का? न्हावा-शेव्याला पेट्यांचा हिशेब शक्य झाला, कारण पेटी हरवली तर कोणाचे तरी पैसे बुडतात. अशक्यतेचे माप खर्चाने ठरते, आणि संहितेच्या टिपणीत त्याचा विचार यायला हवा होता.

संघटनांच्या सहकार्याचे वेगळे नमुनेही आहेत, ते शिक्षकांना माहीत असावेत. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी फिनलंडच्या कुओपिओ विद्यापीठाने नायजेरियातल्या इले-इफेच्या विद्यापीठ-रुग्णालयाबरोबर साध्या संगणकावर चालणारी नोंदपद्धत उभी केली; १९९३ मध्ये आफ्रिकेची आरोग्य-माहितीशास्त्राची पहिली परिषद तिथेच भरली. दक्षिण आफ्रिकेत १९९४ नंतर स्थानिक कार्यकर्ते आणि ओस्लो विद्यापीठ यांनी आधी नोंदींची संख्या कमी केली : जी माहिती गावपातळीवर कोणी वापरत नाही, ती मागायचीच नाही. मग संगणक आणला. तेच काम २००० मध्ये आंध्रातल्या कुप्पमला आले, आणि त्यातून वाढलेली प्रणाली आज पन्नासहून अधिक देशांत चालते.

आणखी एक उदाहरण मला फार आवडते. देशातल्या मृत्यूंची कारणे शोधण्यासाठी महानिबंधक कार्यालय आणि टोरांटोचे संशोधक यांनी २००१ नंतर मोठा अभ्यास केला. वैद्यकीय शिक्षण नसलेले क्षेत्रीय कर्मचारी घरी जात, आणि घरच्यांनी सांगितलेली हकीकत स्थानिक भाषेत लिहून घेत. मग दोन डॉक्टर ती स्वतंत्रपणे वाचून आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला सांकेतिक क्रमांक देत. 'धाप लागली, ओठ निळे पडले' हे शब्द तसेच राहत. क्रमांक त्यांच्यावर मागाहून चढे. दोघा डॉक्टरांचे जुळले नाही तर परत मूळ मजकुराकडे जाता येई. आपल्याकडे २००१ मध्येच 'कोवळी पानगळ' या अहवालात गडचिरोलीच्या 'सर्च'ने इतर संस्थांसह बालमृत्यूंची घरोघर मोजणी मांडली आणि सरकारी आकडा किती अपुरा आहे ते दाखवले. दोन्हीकडे माहिती आधी माणसाच्या बोलीत आहे, प्रमाणक नंतर. मोठ्या परिषदांत हा क्रम बहुधा उलटा असतो.

मागायचे ते थोडेच आहे. भारतीय संघटनेने जागतिक व्यासपीठावर माहेर-सासरचा प्रश्न प्रवासी रुग्णाच्या प्रश्नाइतकाच ठळक मांडावा. गरोदर स्त्रीच्या सारांशात गरोदरपणाचा विभाग आणि रक्तगट आपल्या देशापुरते सक्तीचे करायला कोणाची हरकत नसावी. नाव बाईने सांगितले तसे देवनागरीत पहिले लिहावे, रोमन नंतर. आणि जुळणीचा कोणताही कार्यक्रम विकत घेण्याआधी तो उरण तालुक्याच्या मतदारयादीवर चालवून पाहावा. म्हात्रे, पाटील, ठाकूर, कोळी, घरत यांच्यातून तो सुखरूप बाहेर आला तर देशात कुठेही चालेल.

त्या मुलीला पुढे दुसरे मूल झाले. या खेपेला मी तिला फोनवर बजावले होते, कार्डाच्या पहिल्याच पानावर रक्तगट लाल शाईने मोठा लिहून घे. ती म्हणाली, "सर, सासरच्या आशाताईंनी नोंद करतानाच लिहिलाय. वर स्टेपलरने रिपोर्ट पण लावलाय."